रामटेक, सिल्लारी की घरचाच वरचा मजला?

प्रश्न : नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते, वय ४९. यजमानांनी कंपनीतून व्हीआरएस घेतली, हातात २२ लाख आहेत. मला स्वयंपाकाची आवड आहे, म्हणून ३-४ खोल्यांचा होमस्टे करायचा विचार आहे, जेवणासकट. तीन जागा समोर आहेत. एक, मनसर-रामटेक रोडवर अर्धा एकर जागा, १८ लाख सांगतात, ब्रोकर म्हणतो रामटेकला लाखो लोक येतात, या महिन्यातच टोकन द्या. दोन, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटजवळच्या गावात कवेलूचं (कौलारू) जुनं घर, तीन खोल्या, महिना १० हजार भाडं. तीन, आमचाच वरचा मजला, दोन खोल्या, रिकामाच पडून आहे. भाऊ म्हणतो कऱ्हांडल्याला कर, तिथं वाघ दिसतो. यजमान म्हणतात शनिवार-रविवार आपण जाऊ, बाकी दिवस माणूस ठेवू. कुठं करावं? 

उत्तर :

ताई नमस्कार. पहिले एक सांगून टाकते, ब्रोकरला या महिन्यात टोकन देऊ नका. बाकी सगळं खाली सविस्तर लिहिते पण हे आधी, कारण "या महिन्यातच द्या" असं जिथं म्हणतात तिथं घाई नेहमी विकणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नाही. रामटेक रोडची जागा कुठं पळून जात नाही.

आता रामटेकचंच पाहू. लाखो लोक येतात हे ब्रोकर खोटं नाही सांगून राहिला. गडमंदिर आहे, कालिदास स्मारक आहे, शांतिनाथाचं जैन मंदिर आहे, अंबाळा तलाव, खिंडसीचं बोटिंग, रामनवमी आणि वैकुंठ चतुर्दशीच्या शोभायात्रेला तर पाय ठेवायला जागा नसते. पण ताई, तुम्ही खोली विकायला निघाल्या आहात ना, मग दिवसा किती लोक आले हे पाहून तुमचं काही होत नाही, रात्री किती थांबले ते पाहावं लागते. रामटेक नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास. तुम्हीच आठवा, तुम्ही स्वतः रामटेकला गेल्यावर कधी मुक्काम केला का? सकाळी निघालो, दर्शन घेतलं, खिंडसीवर पोरांना बोटीत बसवलं, भजी खाल्ली आणि दिवेलागणीला घरी. नागपूरचा माणूस हेच करतो, आणि रामटेकला येणाऱ्यांत नागपूर-भंडाऱ्याकडचाच माणूस जास्त. जो बाहेरगावचा भाविक थांबतो तो धर्मशाळेचं भाडं विचारून येतो, तुम्ही १८०० सांगितले की त्याला ते जास्तच वाटणार. यात्रेचे चार-पाच दिवस तुमची रूम डबल भावानं जाईल, पण वर्षाला दिवस ३६५ आहेत.

तिथं जर कोणी मला म्हणालं की जेवणाचं हॉटेल टाकतो, तर मी नाही म्हणणार नाही. दिवसभर फिरून दमलेली भुकेली फॅमिली त्या रोडनं परत जाते. पण तेव्हाही जागा मनसर चौकाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावं लागेल. मनसर चौकातून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर हायवेला मध्ये डिव्हायडर आहे, लोक सकाळी जाताना पोटात पोहे घालून निघालेले असतात, भूक लागते ती परतताना, म्हणजे नागपूरकडे येणाऱ्या बाजूला तुमचं हॉटेल पाहिजे, पलीकडच्या बाजूला असलं तर यू-टर्न मारून कोणी येत नाही. आणि झोपायला तर हायवेची जागा अजिबात नको, रात्रभर ट्रक चालतात, सकाळी गेस्ट रिव्ह्यू लिहितो की जेवण छान होतं पण झोप नाही झाली. एक स्टार गेलाच.

आणि त्या अर्ध्या एकराचा सातबारा पाहिला का? पत्रात त्याचा एक शब्द नाही म्हणून विचारते. शेतजमीन असेल तर घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तो तुमच्याकडे आहे का ते आधी ठरवा. मग भोगवटादार वर्ग १ लिहिलं आहे की वर्ग २, ते पाहा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला ती घेताच येत नाही, आणि रामटेक-देवलापार पट्ट्यात अशा जमिनी भरपूर आहेत, कोणी "आपण साध्या कागदावर करून घेऊ" म्हणालं तर तिथूनच उठून या, त्यात त्या आदिवासी कुटुंबाचंही नुकसान आणि तुमचंही. आणि सगळ्यात महत्त्वाचं आपल्या पूर्व विदर्भाचं दुखणं म्हणजे झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ८६ हजार हेक्टरच्या वर जमीन रेकॉर्डला झुडपी जंगल म्हणून आहे, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की ही जंगल जमीनच समजायची. डोळ्यांना तिथं एक झाड दिसणार नाही, पडीत माळ दिसेल, ब्रोकर म्हणेल पाहा मॅडम सपाट जागा आहे, पण जुन्या रेकॉर्डला तो शब्द असला तर तिथं बांधकाम विसरा. म्हणून आत्ताचा ऑनलाइन सातबारा पाहून समाधान मानू नका, तलाठ्याकडून जुने उतारे आणि फेरफार काढा, आणि एका वकिलाला चार पैसे देऊन वाचून घ्या. १८ लाखांपुढं ते काहीच नाहीत.

तरी पण समजा कागद एकदम स्वच्छ निघाले. तरी मी म्हणेन हा प्लॉट सोडा. २२ पैकी १८ लाख नुसत्या मातीत गेले तर खोल्या कशानं बांधाल? एनए (जमीन बिनशेती करणं), कंपाऊंड, बोअर, लाइटचं कनेक्शन, संडास-बाथरूम, उरलेल्या ४ लाखांत पायव्याच्या वर भिंत येणार नाही. मग कर्ज, मग हप्ता, आणि गेस्ट अजून आलेलाच नाही.

कऱ्हांडल्याचं थोडक्यात सांगते. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये झालं, नागपूरला जवळ, आणि जय नावाच्या वाघानं ते सगळीकडे गाजवलं. त्या एका वाघाला पाहायला कुठून कुठून लोक येत. एप्रिल २०१६ नंतर जय कोणालाच दिसला नाही. वाघ रानातला आहे, आज इथं उद्या तिथं, त्याच्या भरवशावर सफारी बुक करणं ठीक आहे, आपली जमापुंजी लावणं ठीक नाही. शिवाय कऱ्हांडलाही नागपूरच्या माणसाला पहाटे निघून दुपारी परत यायसारखं आहे, मुक्कामाचा तोच प्रश्न. भावाला राग येऊ देऊ नका, त्यांनी आपुलकीनंच सुचवलं असेल.

आता सिल्लारी. तुमचा जीव तिथल्या कवेलूच्या घरात अडकला असावा असं मला वाटते. आणि खरं सांगू का, खोली विकायच्या हिशोबानं तीनपैकी तीच जागा बरोबर दिशेची आहे. मनसरच्या पुढं पवनीवरून डावीकडे वळून सिल्लारीला जातो आपण (ही पवनी भंडाऱ्याची नाही, रामटेक तालुक्यातली). नागपूरपासून सत्तरेक किलोमीटर. सकाळच्या सफारीचं गेट उजाडताना उघडते, त्याच्या आधी तिथं हजर राहावं लागते, म्हणजे नागपूरहून निघायचं तर पहाटे साडेतीनला उठा, लेकरांना उठवा. म्हणून माणूस आदल्या रात्री गेटजवळ झोपतो. रामटेकला लोक दर्शनाला येऊन घरी जातात, इथं सफारीच त्यांना मुक्कामाला लावते. हा फरक ध्यानात ठेवा, सगळं त्याच्यावर आहे.

पण किती झोपतात? ते ऐकीव नको. एका शनिवारी आणि एका मंगळवारी किंवा बुधवारी, हो मधल्या वाराला पण, नुसतं रविवारी पाहून नाही चालणार, पण आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते आधी विचारून घ्या नाहीतर रिकाम्या गेटवर जाऊन पोहोचाल, तर त्या दिवशी गेट उघडायच्या वेळेला तिथं जाऊन उभ्या राहा. जिप्स्या मोजा. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि एका गेटवरून एका वेळेला किती गाड्या सोडायच्या ते वन विभागानं ठरवलेलं असते, म्हणजे त्या गेटचा जास्तीत जास्त धंदा किती ते तुम्हाला तिथंच कळते, तो तुमच्या होमस्टेनं वाढणार नाही. मग पार्किंगमध्ये जा आणि नंबरप्लेटा वाचा. एमएच ३१, ४०, ४९ म्हणजे आपलेच नागपूरकर, यातले बरेच पहाटे निघून आलेले. एमएच १२, १४ किंवा छत्तीसगड-मध्य प्रदेशच्या प्लेटा म्हणजे हे इथंच कुठंतरी झोपले. नागपूरची पिवळ्या प्लेटची टॅक्सी दिसली तर तिच्यात बहुतेक विमानानं आलेला मुंबई-हैदराबादचा माणूस असतो, ड्रायव्हरला चहा पाजा आणि विचारा, गेस्ट कुठं उतरले भाऊ? काय भाडं देऊन राहिले? जेवण कसं आहे तिथं? जिप्सीवाले आणि टॅक्सीवाले जे सांगतील ते कोणताच सर्व्हे सांगणार नाही, कारण गेस्टला उचलायला आणि सोडायला तेच जातात. गेस्टनं जेवणाबद्दल कुरकुर केली तर तीही पहिले त्यांनीच ऐकलेली असते.

मी तुमच्यासाठी हिशोब मांडून पाहिला. आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका, पण मांडणी हीच ठेवा. कोअरची (जंगलाच्या आतल्या गाभ्यातली) सफारी १ ऑक्टोबर ते ३० जून, पावसाळ्यात तीन महिने बंद. म्हणजे कमाईचे ३९ आठवडे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री धरल्या तर ७८, तीन खोल्या म्हणजे २३४ रूम-रात्री, त्यातल्या नव्या माणसाच्या ६० टक्के भरल्या तरी खूप झालं, त्या १४०. बाकी आठवड्याच्या १९५ रात्री, तीन खोल्यांच्या ५८५, त्यातल्या १५ टक्के धरा, ८८. एकूण २२८. जोडप्याला राहणं-जेवण मिळून ३००० घेतले तर वर्षाचे ६ लाख ८४ हजार. ऐकायला बरं वाटते ना? आता खर्च. भाडं १ लाख २० हजार. दोन माणसं, नऊ-नऊ हजारांची, बारा महिने, २ लाख १६ हजार. शिधा, गॅस, जेवणाचं सामान रूममागे ७०० धरलं तर १ लाख ६० हजार. लाइट, धुलाई, डागडुजी १ लाख. बुकिंग ॲपवाल्यांचं कमिशन ५० हजार. झाले ६ लाख ४६ हजार. हातात ३८ हजार. वर्षाचे. आणि यात बाथरूम बांधायला तुम्ही जे पहिले घालाल ते धरलंच नाही.

घाबरवायला नाही लिहिलं हे. आता याच हिशोबात एकच आकडा बदला, मधल्या वारचे १५ टक्क्यांचे ३० करा. आणखी ८८ रात्री, जेवणाचा खर्च वजा जाता सरळ दोन लाख वाढले, कारण भाडं आणि पगार तर तेवढेच राहतात. म्हणजे सिल्लारीत तुम्ही जगणार की नाही ते वीकेंडवर नाही ठरत, मंगळवार-बुधवारवर ठरते. मधल्या वारी कोण येते मग? फोटोग्राफर येतात, पक्षी पाहणारे येतात, रिटायर झालेली जोडपी येतात ज्यांना शनिवारची गर्दी नको असते. आणि आता नवीन एक जण येऊन राहिला आहे, आकाश पाहणारा. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंचला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातलं पहिलं. सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली उजेड पाडणारे लावले त्यासाठी. हा पाहुणा अमावास्येच्या आसपास येतो, थंडीत येतो, आणि रात्र जागायलाच येतो म्हणजे मुक्काम करणारच. मला हे फार मोलाचं वाटते, कारण वाघ दिसेल न दिसेल, हिवाळ्यातलं निरभ्र आकाश बहुतेक दिसतेच. पण मग अंगणात पांढरा फ्लडलाइट आणि रंगीत एलईडीच्या माळा नको, मंद पिवळा दिवा, तोही खाली तोंड केलेला.

आता ते घर. जाल तेव्हा हिवाळ्यात जाऊन प्रेमात पडू नका, हिवाळ्यात जंगलातलं कोणतंही घर सुंदरच दिसते. मे महिन्यात जा. वाघ पाण्यावर येतो म्हणून एप्रिल-मे हाच सफारीचा जोर असतो, आणि त्याच वेळेला आपल्याकडे पारा ४५ च्या घरात, विहिरी तळाला. तीन खोल्यांतले सहा गेस्ट सफारीतून धुळीनं लाल होऊन येतात आणि एकाच वेळी आंघोळीला जातात, तेव्हा टाकीत पाणी पाहिजे. शेजारच्या बाईला विचारा, मालकाला नाही, की उन्हाळ्यात पाणी कुठून आणता. तिचा हंडा कुठं जाते ते पाहून या. मग लाइट. गावात दुपारी किती वेळ असते, व्होल्टेज किती, तीन एसी एकदम लावले तर ट्रान्सफॉर्मर धरेल का. कवेलूच्या छताखाली नुसता एसी बसवून उपयोग नाही, गारवा वरच्या फटींतून निघून जाते, खालून बांबूच्या चटईचं सिलिंग करून घ्यावं लागेल, किंवा मोठे डेझर्ट कूलर लावा पण त्यांना परत पाणी लागते. कवेलूवरून वानरं उड्या मारतात, फुटतात ते, पावसाळ्याआधी दरवर्षी फेरून घ्यावे लागतात, तो खर्च मालकाचा की तुमचा ते करारात लिहून घ्या. प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम पाहिजेच, अंगणातला कॉमन संडास आता शहरातला माणूस चालवून घेत नाही, आणि जंगलाच्या कडेला रात्री अंगणात पाठवणं बरोबरही नाही, बिबट्या गावात फिरतो.

घर गावठाणात आहे का हे नक्की विचारा. गावठाणातलं जुनं घर असेल तर एनएचा त्रास नाही, ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहायचा, मालकाचंच नाव आहे का, भावाभावांत वाटणी झाली का. शेतातलं घर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं नवीन बाथरूम काढायला पण जंगलाभोवतीच्या बफर आणि इको-सेन्सिटिव्ह झोनचे नियम आडवे येऊ शकतात, ते वन विभागाच्या ऑफिसात जाऊन विचारून घ्या, आणि शक्यतो लेखी. मालक आदिवासी असेल तर भाडेकरारालाही परवानगी लागते का ते आधी तहसीलमध्ये विचारा. आणि करार ११ महिन्यांचा अजिबात नको. तुम्ही दोन-तीन लाख घालून बाथरूम बांधाल, सिलिंग कराल, गूगलवर नाव कमवाल आणि बाराव्या महिन्यात मालक म्हणेल घर खाली करा, माझा पोरगा चालवतो. पाच वर्षांचा, रजिस्टर केलेला, भाडं दरवर्षी किती टक्के वाढेल ते लिहिलेला, आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं भाडं अर्धं करून मागा, बहुतेक देतील, त्यांनाही माहीत आहे गेट बंद असते.

आता यजमानांच्या बोलण्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली. "शनिवार-रविवार आपण जाऊ, बाकी दिवस माणूस ठेवू." ताई, मोठ्या रिसॉर्टला मॅनेजर ठेवून चालते. तीन खोल्यांच्या होमस्टेला माणूस येतो तो घरच्या बाईच्या हातचं खायला आणि घरच्या माणसाशी बोलायला. तुमचं भांडवल २२ लाख नाही, तुमचा हात आहे. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, पहाटे साडेचारला आल्याचा चहा आणि सफारीत न्यायला डब्यात बांधून दिलेल्या मेथीच्या पुऱ्या, हे ठेवलेला माणूस नाही करत, आणि केलं तरी तसं होत नाही. आणि वर दाखवलंच की धंदा मधल्या वारांवर उभा आहे, तुम्ही नेमक्या त्याच दिवशी तिथं नसणार. म्हणून जागा पाहताना जसं विचारायचं की पाहुणा रात्री कुठं झोपतो, तसंच हेही विचारायचं की आपण स्वतः आठवड्यातून पाच रात्री तिथं झोपू शकतो का. जवळ दवाखाना कुठं आहे, तुमच्या सासूबाई किंवा लेकरं इकडे कोणाकडे राहतील, यजमानांना तिथं करमेल का. पत्रात घरच्यांबद्दल काही नाही, म्हणून मी ठरवू शकत नाही, तुम्ही दोघांनी बसून खरं-खरं बोला.

आणि वरचा मजला, ज्याच्याबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिली! मानेवाडा म्हणजे काही पर्यटनस्थळ नाही असं तुम्हाला वाटत असेल. पण नागपूरला येऊन थांबणारे लोक कोण आहेत ते मोजा ना. मेडिकल कॉलेजचा सरकारी दवाखाना जवळ, मिहानला एम्स, धंतोली-रामदासपेठेत हॉस्पिटलं, तिथं छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, रायपूर, गडचिरोलीपासून पेशंट येतात, सोबतच्या नातेवाइकांना आठ-दहा दिवस स्वच्छ खोली आणि साधं घरचं जेवण पाहिजे असते, लॉजवर फॅमिलीला नको वाटते. परीक्षेला येणारी पोरं-पोरी आणि सोबत त्यांचे आईबाप. डिसेंबरमध्ये अधिवेशन असलं की शहरात खोली मिळत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, १९५६ पासून येतात, आणि दीक्षाभूमी तुमच्याकडून लांब नाही. पेंच-ताडोब्याला जाणारा पाहुणाही विमान उशिरा उतरलं तर पहिली रात्र नागपुरातच काढतो. हा सगळा मुक्काम करणारा माणूस आहे, बारा महिन्यांचा, आणि गेट बंद झालं म्हणून तो थांबत नाही.

हिशोब लावा. दोन खोल्या, १२०० भाव, वर्षाच्या ७३० रूम-रात्रींपैकी ४५ टक्के भरल्या तर ३२८, म्हणजे ३ लाख ९४ हजार. कामवाली, लाइट, धुलाई, किरकोळ मिळून दीड-पावणेदोन लाख. भाडं नाही, प्रवास नाही, तुम्ही घरातच. सव्वादोन लाख उरले, आणि जेवणाचे पैसे वेगळे. सिल्लारीच्या ३८ हजारांशेजारी ठेवून पाहा. गंमत म्हणजे जी जागा तुम्ही लोकेशनच समजत नव्हत्या तीच पहिल्या वर्षी तुम्हाला पोसेल. शेजाऱ्यांना आधी विश्वासात घ्या, पार्किंगवरूनच भांडणं होतात, आणि वर जायचा जिना वेगळा आहे का ते पाहा, नसेल तर बाहेरून एक लोखंडी काढा.

सरकारचं पण बघून ठेवा. मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी होते, नागपूरला त्यांचं प्रादेशिक कार्यालय आहे. जेवण देणार म्हणजे एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा विभागाची) नोंदणी लागेलच. पाहुण्यांचं आधार पाहून रजिस्टरमध्ये नोंद, आणि परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची, हे चुकवू नका. आणि २०२३ मध्ये राज्यानं महिलांसाठी "आई" म्हणून पर्यटन धोरण आणलं, त्यात बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळते, एकूण साडेचार लाखांपर्यंत. व्यवसाय तुमच्या नावावर आणि तुम्हीच चालवणाऱ्या पाहिजे. म्हणून पहिल्या दिवसापासून कागद तुमच्या नावानं करा, यजमानांच्या नाही. त्यांना हे वाचून दाखवा पाहिजे तर, त्यांनाही पटेल, पैसे घरातच येऊन राहिले आहेत.

तर माझं मत असं, प्लॉट सोडून द्या. वरचा मजला आत्ताच लावा, रंग, चांगल्या गाद्या, गिझर, एसी, चार लाखांच्या आत होईल, बाकीचे बँकेत राहू द्या. या सहा महिन्यांत तुम्हाला कळेल की अनोळखी माणसं घरात वावरलेली तुम्हाला चालतात का, रात्री अकराला कोणी दार वाजवलं तर राग येतो का, रोज आठ जणांचा स्वयंपाक केल्यावर आवड तशीच राहते का. मेमध्ये सिल्लारीला जा, त्याच घरात मालकाला सांगून एक रात्र राहा, पंख्याखाली. पाणी, लाइट, कागद हे तिन्ही नीट असले आणि तुम्हा दोघांची तिथं राहायची तयारी असली तर जूनमध्ये करार करा, पावसाळ्यात बाथरूमचं काम उरका आणि १ ऑक्टोबरला गेट उघडताना तुमची चूल पेटलेली असू द्या. तोवर नागपूरच्या खोलीत थांबलेले सफारीवाले गेस्ट तुम्हाला ओळखत असतील, त्यांना पुढच्या मुक्कामाला सिल्लारीला तुमच्याकडेच पाठवता येईल, म्हणजे ॲपचं कमिशनही वाचलं.

पाणी, लाइट, कागद यांतली एक जरी गोष्ट अडली तर सिल्लारीचं ते घर सोडा, त्याच रस्त्यावर दुसरं मिळेल. आणि टोकन जर हे वाचायच्या आधीच देऊन बसल्या असाल तर पावती कोणाच्या नावानं आहे आणि परत करायची अट त्यात लिहिली आहे का ते लगेच पाहा, आणि तसं मला कळवा.